पदराआडची वाटी

“वाटी पदराआड घेतली बघ,” दामूकाका कुजबुजला. “खाणार नाय ती. मागं जाऊन कुत्र्याला घालेल.”

कमळनेही पाहिलं होतं. बुद्धपौर्णिमेची खीर विहारात तिनेच सगळ्यांना वाढली होती. बाकीचे चाटूनपुसून खात होते. आनंदीबाईंची भरलेली वाटी मात्र पदराखाली गेली आणि त्या उठून मागच्या दाराने बाहेर पडल्या.

वडप्याच्या आनंदीबाई गेला महिनाभर दर रविवारी भिवंडीला ध्यानाला येत होत्या. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी सांगितलंय, असं त्या म्हणत. वस्तीत वेगळं बोललं जाई. त्यांच्या मुलाची गोदामं होती आणि विहारामागची जागा त्याला हवी होती. ध्यानाचा वर्ग कमळ घ्यायची, त्यामुळे कोणाला बसू द्यायचं हे तिच्याच हातात होतं.

“पुढच्या रविवारी दारातूनच परत पाठव,” दामूकाका म्हणाला.

कमळही मूळची वडप्याचीच, तिथल्या बौद्धवाड्यातली. शेतावर भातलावणीला गेलेल्या तिच्या आईच्या ओंजळीत याच आनंदीबाई उंचावरून पाणी ओतायच्या.

वर्गात कमळ सांगे, आधी स्वतःला मैत्री द्या, म्हणजे मनातून भलं चिंता, मग आपल्या माणसाला, शेवटी ज्याच्याबद्दल अढी आहे त्याला. शेवटच्या पायरीला ती स्वतः महिनाभर, ती जिथे रक्त तपासायचं काम करायची त्या लॅबच्या मालकाला घेत होती. तो सोपा होता.

ती मागे गेली. आनंदीबाई पायरीजवळ उभ्या होत्या, वाटी हातात.

“टाकताय?”

“न्हाय गो पोरी.”

“मग खा.”

आनंदीबाईंनी चमचा उचलला आणि परत ठेवला. “हात न्हाय जात. तोंडापरेंत येतो न् थांबतो. मना ठाव हाय, तू शिकलेली, सवच्छ. तरी न्हाय जात.”

“परवा लॅबमध्ये मी तुमचं रक्त काढलं, तेव्हा माझा हात चालला?”

“तवा डोले मिटले व्हते.”

कमळला हसू आलं नाही. “आणि ही मागची जागा?”

“पोराला हवी हाय. खोटं कशाला बोलू? पन मी त्याच्यासाठी न्हाय येत.”

पहिलं कमळला लगेच पटलं. दुसऱ्याबद्दल तिला काहीच ठरवता येईना.

आनंदीबाईंनी वाटी पुढे केली. “ने तू. रविवारपास्नं न्हाय येत.”

घेतली असती तर सगळं मिटलं असतं. कमळने हात पुढे केला नाही.

“बसा इथे. हात कुठे अडतो, ते नुसतं बघा. वर्गात बघतो तसं.”

“न् न्हायच खाल्ली तर?”

“तर नाही. मला दाखवायला खाऊ नका.”

दोघी पायरीवर बसल्या. पलीकडच्या गल्लीत कापडाचे लूम खडखडत होते. थोड्या वेळाने कमळच्या लक्षात आलं, आपला जबडा आवळलेला आहे आणि नजर त्या वाटीवरून क्षणभरही हललेली नाही. डोळे मिटले, तर खीर कुठे गेली हे कधीच कळणार नव्हतं. कुत्रं समोरच बसलं होतं.

मैत्रीच्या शेवटच्या पायरीला तिने आज आनंदीबाईंना घेतलं, आणि डोळे मिटले.

चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला. नंतर बराच वेळ काही नाही.

कमळने डोळे उघडले नाहीत.