हेल्मेटच्या अस्तरात

बोगुमिलकाकांनी हेल्मेट दोन्ही गुडघ्यांत दाबून धरलं आणि माथ्यावर चिकटवलेल्या कॅमेऱ्याखाली बोथट सुरीचं पातं सरकवायला सुरुवात केली. डिंक कुरकुरला, मग सुटला. काडेपेटीएवढं ते काळं यंत्र त्यांनी सेव्हेरिनच्या तळहातावर ठेवलं आणि हेल्मेटवर राहिलेला डिंक अंगठ्याने खरडू लागले.

"काका, फोनवर किती जण वाट बघत बसलेत," सेव्हेरिन म्हणाला. "त्यांना वळण आतून कसं दिसतं ते दाखवायचं होतं."

"इथे येऊन बघू देत. सूर्यफुलाच्या बिया सोलत."

पोरं हसली. रविवारची दुपार होती, चर्चमधली मिस्सा उरकून अख्खं गाव मोटरसायकल शर्यतीच्या गोल धावपट्टीभोवती येऊन बसलं होतं, आणि मोहरी लावलेल्या सॉसेजचा वास खेळाडूंच्या तळापर्यंत पोचत होता.

ओतिलिया सेव्हेरिनच्या मागे गुडघे टेकून त्याच्या पोशाखाची मांडीपाशी उसवलेली शिवण टाचत होती. क्लबच्या सातही पोरांचे पोशाख तिच्याच हाताखालून जायचे. सेव्हेरिन मात्र तिच्या बहिणीचा. बहीण गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, आणि तेव्हापासून तो तिच्याच घरात, तिच्याच शिवणयंत्राच्या आवाजात वाढला. आज पहिल्यांदाच तो मोठ्या संघातून उतरणार होता. तिसरी शर्यत त्याची.

बोगुमिलकाकांनी जन्मभर जोडे शिवले होते. आता क्लबच्या वतीने ते पोरांचा साज तपासायचे. पाठीचं कवच, पडल्यावर इंजिन बंद करणारी मनगटाची दोरी, वळणात मातीवर टेकवायचं डाव्या बुटाखालचं पोलादी पाऊल. त्या पोलादाचे पट्टेही त्यांच्याच हातचे. शर्यत सुरू झाली की मात्र ते कठड्यापाशी जाऊन उभे राहत, उजवा हात जाकिटाच्या खिशात घालून, आणि चार फेऱ्या होईपर्यंत तो बाहेर काढत नसत. काका खिशात सॉसेज लपवतात, अशी पोरांनी थट्टा चालवली होती.

"हेल्मेट गुळगुळीत का असतं, माहितीय?" काका सेव्हेरिनला सांगत होते. "पडलास की मातीवरून घसरत जावं म्हणून. वर काही चिकटवलेलं असलं की ते अडकतं, आणि मान पिरगळते. नाहीतर तेच कवच फोडून आत येतं. नियम लिहिणाऱ्यांनी हौसेने नाही लिहिलं, बाबा. कुणाचं तरी डोकं बघून लिहिलंय." त्यांनी हेल्मेटवर टिचकी मारली. "आणि वरचं एक वेळ तुटून उडून तरी जाईल. आत काही कठीण असेल तर ते कुठे जाणार?"

त्यांनी हेल्मेटवर तपासणीची हिरवी टिकली चिकटवली आणि पुढच्या पोराला हाक मारली.

ओतिलियाने आणखी दोन टाके घातले. मग तिच्या लक्षात आलं की सुईत दोराच उरलेला नाही.

फेब्रुवारीत, मेणबत्त्यांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, तिने बहिणीच्या गळ्यातलं मरियामातेचं रुपेरी पदक सेव्हेरिनच्या हेल्मेटमध्ये शिवलं होतं. अगदी माथ्यावर, अस्तराच्या आत. पाद्रीबाबांनी पवित्र पाणी शिंपडलेलं पदक. सेव्हेरिनला काही सांगितलं नव्हतं, तो हसला असता. मे महिन्यात दुसऱ्या वळणावर त्याची मोटरसायकल मागच्या चाकावर उभी झाली आणि त्याला कठड्याला लावलेल्या हवेच्या गाद्यांवर फेकून स्वतः त्याच्या अंगावरून पलीकडे गेली. तो उठला, कपडे झटकले आणि लोकांना हात केला. त्यानंतर महिनाभर रोज संध्याकाळी ओतिलियाने वेशीवरच्या मरियामातेच्या देवळीपाशी स्तोत्रं गायली, इतक्या मोठ्याने की शेजारीण म्हणाली, अगं, देवाची आई बहिरी नाहीये. ओतिलियाने सूर आणखी चढवला होता.

आता सांगावं, तर टिकली लागलेलं हेल्मेट बाद, दुसरं नाही, आणि पोराचा दिवस गेला. न सांगावं, तर. तिने पटकन छातीवर क्रूस काढला आणि पुढचा विचार तिथेच थोपवला. ब्रेक नसलेल्या त्या यंत्रांवर पोरं वळणात आडवी होऊन जायची. पडायला किती वेळ लागतो ते तिला ठाऊक होतं.

"दे इकडे," ती उठून म्हणाली. "अस्तर सैल झालंय."

"मावशी, आता याला पण ठिगळ लावणार?"

"गप्प बस आणि पाणी पी."

टायरच्या चळतीमागे तिची शिवणाची पेटी होती. तिथे पाठमोरी बसून तिने हेल्मेट मांडीवर उलटं घेतलं. बाहेर पहिल्या शर्यतीची इंजिनं किंचाळली, पत्र्याचं छत थरथरलं. तिने बोटांनी जागा चाचपली. कापडाखाली गोल काहीतरी लागलं. इतके महिने हे त्याच्या टाळूवर होतं. तिने स्वतः ठेवलेलं.

कात्री लावायला म्हणून तिने अस्तर उजेडाकडे वळवलं, आणि थांबली.

टाके तिचे नव्हते. तिचे बारीक, पांढऱ्या दोऱ्याचे. हे मेण लावलेल्या जाड दोऱ्याचे, दोन सुयांनी दोन्ही बाजूंनी ओढून घेतलेले. असा टाका कापड शिवणारं माणूस घालत नाही. जोड्याच्या तळव्याला घालतात. पोलादी पावलाच्या पट्ट्याला घालतात.

तिने ते उसवले. आतून चामड्याची एक चकती निघाली. नेमकी पदकाएवढी, मऊ, कडा घासून निमुळत्या केलेल्या. बोटांत धरली की दुमडत होती. पाठीमागे आरीने कोरलेला एक छोटा क्रूस होता, आणि खाली तारीख. एप्रिलची.

एप्रिल. म्हणजे मे महिन्यात तो पडला तेव्हा आत एवढंच होतं.

ती चकती बोटांत दुमडत, सोडत राहिली. दुसरी शर्यतही सुरू होऊन संपली. मग सुईत दोरा ओवून तिने चकती होती तिथे ठेवली आणि आपल्या बारीक टाक्यांनी अस्तर पुन्हा बंद केलं. टाका एकही वाकडा गेला नाही.

सेव्हेरिनने शर्यतीत ओळखू यावं म्हणून हेल्मेटवर लाल टोपडं चढवलं, डोक्यात घातलं, हनुवटीखाली पट्टा आवळला आणि नेहमीसारखी मान तिच्यापुढे वाकवली. तिने हात ठेवला. आजवर त्या हाताखाली पदकातली मरियामाता असायची. आज नुसतं पोराचं डोकं होतं.

"झालं?"

"झालं. जा."

शर्यत चालू असताना ती कधी बाहेर यायची नाही. टायरच्या मागे बसून चार फेऱ्या कानांनी मोजायची. आज ती मातीतून चालत कठड्यापाशी गेली. बोगुमिलकाका तिथे उभे होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या बोटाला चिकटलेल्या जाड दोऱ्याच्या तुकड्याकडे बघितलं आणि सरकून जागा दिली.

चौघे सुरुवातीच्या ताणलेल्या फितीपाशी येऊन उभे राहिले. लाल टोपडं आतल्या बाजूला. इंजिनं वाढत गेली, वाढतच गेली. काकांच्या ओठांची हालचाल चालू होती.

मग त्यांनी खांदा हलवला. खिशात पदकाएवढं काहीतरी मुठीत घेतलं आणि हात वर येऊ लागला, तिच्या दिशेने.

"नको," ओतिलिया म्हणाली. तिची नजर लाल टोपड्यावरून हलली नाही. "हात बाहेर काढू नका."

फीत वर उडाली.