विझल्या दिव्याची हळद

हरिपूरच्या त्या आवारात सकाळपासून माणूस मावत नव्हतं. एका कडेला लग्नाचा मांडव, दुसऱ्या कडेला पेवाचं तोंड, आणि मधोमध आकाराम आबा. नवं धोतर, गुलाबी फेटा, पायात चपला घालायच्या विसरलेल्या.

पेव म्हणजे हळदीचं भुईतलं घर. घागरीसारखं, तोंड निमुळतं आणि पोट मोठं. आतून शेणामातीनं सारवायचं, उसाच्या पाल्याचं अस्तर घालायचं, हळकुंडं ओतायची आणि वर माती दाबून टाकायची. आबांची सारी हयात या व्यापारात गेली. घाम आला तर सदराही पिवळा होतो, असं त्यांची बायको राहीबाई म्हणायची. आता दुकान मुलाच्या, मानसिंगच्या हाती होतं. त्यानं पत्र्याचं गोदाम बांधलं आणि पेवं एकेक करून बुजवली. आबांनी एवढं एकच मागून घेतलं. मोठ्या दुष्काळानंतरचं पहिलं पीक त्यात भरलं, तोंड स्वतःच्या हातानं लिंपलं आणि नातीला म्हणाले होते, "शाले, तुझ्या अंगाला हीच लागंल. तवर हे उघडणार न्हाई."

मग कृष्णेला पूर येऊन गेले. "आबा, आत पाणी शिरलं आसंल. चिखुल निघंल बघा," मानसिंग म्हणायचा. आबा ऐकून घ्यायचे आणि संध्याकाळी काठी टेकत पेवापाशी जाऊन बसायचे. आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे.

आज ते उघडायचं होतं. नवरा मुलगा पाटणकडचा, लष्करात. रजा संपत आलेली. हळद आधी नवऱ्याला लागते, उरलेली उष्टी हळद नवरीला. म्हणून आबांनी पाव्हण्यांपुढं हात जोडले होते, नवऱ्याला हळद आमची लावा. नवऱ्याची आत्या मनुबाई, जिच्या शब्दाबाहेर ते घर जात नसे, कशीबशी कबूल झाली होती. पण डोळ्यांनी बघायला ती स्वतः आली होती, आपल्या घरच्या हळदीची पुडी कमरेला खोचून.

माती निघाली. झाकण सरकलं. पेवात उतरणारा गडी धुळा, त्यानं कंदील दोरीला बांधून आत सोडला. सगळ्या माना खाली वाकल्या. कंदील गळ्याखाली गेला, लवलवला आणि विझला.

आबांनी टाळी वाजवली. "हाय! हाळद जित्ती हाय!"

मनुबाई मात्र दोन पावलं मागं सरली. "आवं पाव्हणं, हसताय काय? हळदीच्या दिवशी दिवा इझला."

"इझायलाच पायजे, मनुबाई. आत जुनी कोंडलेली हवा हाय, त्यात दिवा जगत न्हाई. पेव फुटलं आसतं, पाणी शिरलं आसतं, तर वारंबी शिरलं आसतं. मग जळत ऱ्हायला आसता."

"तुमच्या व्यापारात इझत आसंल. आमच्या घरात इझलेल्या दिव्याची हळद पोराच्या अंगाला लागायची न्हाई. पोरगं उद्या सरहद्दीवर जायचं हाय." तिनं कमरेची पुडी काढली. "ही घ्या. मुहूर्त चुकवू नगा."

मानसिंगनं आबांचा दंड धरला. "आबा, ऱ्हाऊ द्या. त्यांची लावू द्या."

मांडवाच्या खांबाआड शालन उभी होती. आबांनी तिच्याकडं पाहिलं. मनुबाईच्या पुडीकडं बघत तिनं मान हलवली. नाही म्हणून.

आबांनी धुळाच्या हातातली दोरी घेतली आणि मनुबाईपुढं धरली. "वाईच थांबू. तोंड उघडं ऱ्हाऊ दे. मग दिवा तुमीच सोडा. इझला तर तुमची पुडी मी सोता कालवीन."

मनुबाईनं दोरी घेतली. परत देईना, सोडेना. धुळा पेवाच्या तोंडावर घोंगडं हलवून हवा खेळवू लागला. राहीबाई चहा घेऊन आली.

"बसा वो मनुबाई. मला सवय हाय. ह्यांनी माझ्यापरीस ह्या पेवाचं कौतिक जास्त केलंया."

"तुमाला कवा भांडाय सुचलं न्हाई?"

"भांडले की. पेव काय बोलतंय व्हय."

मनुबाई हसू दाबत होती, पण दोरीवरची मूठ घट्टच.

ऊन मांडवाच्या मध्यावर आलं. वाजंत्रीवाले मधेच थांबले. मनुबाई उठली, पदर खोचला, कंदील लावायला लावला आणि वाकून दोरी सोडू लागली. वीतवीत. जणू पाळण्यातलं पोर खाली ठेवत होती. कंदील गळ्याखाली गेला. ज्योत बारीक झाली. ज्योत निळी झाली, हलली आणि सरळ उभी राहिली.

खाली पेवाचं पोट उजळलं. सोनं सांडावं तशी हळद पसरलेली. कडेच्या पाल्यालाही चिखलाचा डाग नाही.

"आगं बया," मनुबाई म्हणाली. एवढंच.

धुळा उतरला, पहिली पाटी वर आली. आबांनी एक हळकुंड मोडलं. ते खणकन वाजलं. आतून केशरी. त्यांनी ते मनुबाईच्या तळव्यावर ठेवलं. तिनं वास घेतला, पुन्हा घेतला, आणि आपली पुडी राहीबाईच्या ओटीत टाकली.

"जातं कुठं हाय तुमचं?"

बायका जात्याभोवती बसल्या. मनुबाईनं खुंटा धरला आणि पहिली ओवी तिनंच सुरू केली:

दिवा विझला विझला, हळद जागी अंधारात
शालन सून माझी, सोनं घेतीया पदरात

घरघर वाढली. पिवळी पूड जात्याच्या कडेनं उतरू लागली. मनुबाईचे हात, मनगटं, कपाळाचा घामसुद्धा पिवळा.

बाहेर आबा रिकाम्या होत चाललेल्या पेवापाशी उभे होते. मानसिंग शेजारी आला.

"आता बुजव हे," आबा म्हणाले. "माझं काम झालं."

मानसिंग वाकून आत बघत राहिला. मग धोतराचा काचा मारला आणि धुळाला म्हणाला, "सर रं, गड्या. पुढची पाटी मी भरतो." आणि दोरी धरून तो पेवात उतरला, आयुष्यात पहिल्यांदा.

खालून त्याचा आवाज घुमत आला, "आबा, हितं लय ऊबदार हाय."

दुपारी जानवशातून नवऱ्याची उष्टी हळद ताटात परत आली तेव्हा आबा दारापाशीच उभे राहिले. बायकांच्या घोळक्यातून शालननं पिवळं तोंड वर केलं आणि त्यांना शोधलं.