कावीळ जुनी की नवी

लॅबवाल्याने दंडाला रबरी पट्टा आवळला, कोपराच्या खोबणीत दोनदा टिचकी मारली आणि सुई टोचली. नवरा भिंतीकडे बघत होता. बायको मात्र सुईवरून नजर हलवत नव्हती. नळीत चढणारं रक्त चारचौघांच्या रक्तासारखंच लाल होतं आणि तिला त्याचंच नवल वाटत होतं. डोळे इतके पिवळे पडलेल्या माणसाचं रक्तही जरा पिवळट निघेल, असं काहीतरी तिच्या डोक्यात बसलं होतं.

"यात कळेल ना, नवी आहे की जुनी?" तिने विचारलं.

"कळेल. परवा या," लॅबवाला म्हणाला आणि कापसाचा बोळा दाबून धरायला सांगून पुढच्या माणसाकडे वळला.

कावीळ बी प्रकारची आहे, एवढं पहिल्या तपासणीत कळलं होतं. विषाणू अंगात आहे एवढंच ती तपासणी सांगत होती. कधी शिरला ते सांगत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं होतं. विषाणू नुकताच शिरलेला असेल, तर शरीर घाईघाईने पहिल्या फळीचे शिपाई उभे करतं. त्यांना आयजीएम म्हणतात. सहाएक महिन्यांत ते पांगतात. रक्तात ते भरपूर सापडले तर आजार नवा, आणि नवा आजार मोठ्या माणसाचं शरीर बहुतेक वेळा स्वतःच हाकलून लावतं. ते नसतील, नुसते मागाहून येणारेच असतील, तर आजार मुरलेला. मुरलेला आजार औषधाने दाबता येतो, काढून टाकता येत नाही.

मग त्यांनी गेल्या सहा महिन्यांची चौकशी केली होती. कुठे इंजेक्शन घेतलं? दात काढला? रक्त चढवलं? गोंदवून घेतलं? नवरा प्रत्येक वेळी मान हलवून नाही म्हणाला. शेवटी बाईंनी चष्मा सारखा केला आणि बायकोकडे बघायचं टाळत विचारलं, "बाहेर कुठे संबंध?"

"छे हो!" नवरा म्हणाला आणि कानांपर्यंत लाल झाला.

घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. सोफ्यांना, खुर्च्यांना नवा फोम आणि नवं कापड चढवायचं काम. तो लाकडी सांगाड्यावर कापड ताणून खिळे ठोकायचा, ती मशीनवर खोळी शिवायची आणि सासूबाई कोपऱ्यात बसून जुन्या खोळींची शिवण उसवायच्या. वय झालं होतं तरी त्यांना रिकामं बसवत नसे. त्या दिवशी लॅबमधून आल्यावर नवरा एका गिऱ्हाइकाच्या अर्धवट सोफ्यावरच आडवा झाला. सासूबाई आत झोपल्या होत्या. बायको त्याच्या पायाशी टेकली.

"एक विचारू? रागावणार नाही मी."

"विचार."

"खरंच कुणी नव्हती?"

"कुणी म्हणजे?"

"एखादी बाई हो. मागे त्या हॉटेलच्या खुर्च्यांचं काम होतं. आठवडाभर तिकडेच राहिला होतात."

"खुर्च्याच होत्या गं तिथे."

"असेल तर सांगा ना. एक शब्द बोलणार नाही. घर सोडून जाणार नाही की आईंच्या कानावर घालणार नाही. फक्त होती म्हणा."

त्याने डोळे उघडले. आपली बायको काय मागते आहे ते त्याला उमगायला थोडा वेळ लागला. मग तो केविलवाणं हसला.

"नव्हती गं. असती तर कसम, आत्ता सांगून टाकलं असतं."

ती उठली आणि मशीनवर जाऊन बसली, पण दोरा काही सुईत ओवता येईना. नवऱ्याने शेण खाल्लेलं असू दे म्हणून कुठली बायको देव पाण्यात घालून बसली असेल? ही बसली होती. नाकासमोर चालणारा नवरा मिळाला म्हणून तिच्या बहिणी तिचा हेवा करायच्या, तीही मिरवायची. आज तिला त्याच्या त्या सरळपणाचा मनस्वी संताप आला. एकदा, फक्त एकदा वाकडं पाऊल पडलं असतं, तर आज तो वाचला असता.

रिपोर्टात आयजीएम निगेटिव्ह आले.

डॉक्टरीणबाईंनी लगेच पोटाची सोनोग्राफी करून घेतली. लिव्हर आक्रसलेलं होतं, पोटात पाणी साठायला लागलं होतं आणि लिव्हरवर कॅन्सरची मोठी गाठ होती. तिने रक्तवाहिनीतही हातपाय पसरले होते. कापून काढण्याची वेळ निघून गेली होती. बाईंनी नवऱ्याला बाहेर बसवलं नाही, दोघांच्या तोंडावरच सांगितलं. काही महिने, असं म्हणाल्या. नवऱ्याने "बरं" म्हटलं, एखाद्या गिऱ्हाइकाने कापडाचा रंग सांगावा आणि आपण तो ऐकून घ्यावा तसं.

बायकोचंही रक्त तपासलं होतं. तिला हा आजार कधीतरी होऊन गेला होता आणि तिला पत्ताही लागला नव्हता. तिच्या शरीराने त्याला केव्हाच हाकलून दिलं होतं.

"मग माझ्या अंगाने जे केलं ते यांच्या अंगाला का नाही जमलं?" तिने विचारलं. तिचा आवाज चढला होता.

"तुम्हाला मोठेपणी झाला. त्यांना बहुतेक जन्माच्या वेळीच झाला असणार," बाई म्हणाल्या. "तान्ह्या बाळाचं शरीर त्याच्याशी भांडत नाही. मग तो आयुष्यभर राहतो. यांच्या आई आहेत ना? त्यांचं रक्त तपासायला हवं. नीट सांगून तपासा."

सांगायचं कसं? सासूबाईंचा थोरला मुलगा ऐन उमेदीत असाच गेला होता. डोळे पिवळे झाले, पोट घागरीसारखं फुगलं आणि गेला. लोकांनी दारूवर खापर फोडलं. सासूबाई त्यावरून अर्ध्या गावाशी भांडल्या होत्या, कारण त्याने कधी थेंबही तोंडाला लावला नव्हता. शेवटी सुनेने साखर तपासायची म्हणून त्यांना लॅबमध्ये नेलं. रिपोर्ट आला, तो तिला अपेक्षित होता तसाच. विषाणू त्यांच्यात होता, जुना, मुरलेला. म्हातारीच्या अंगात त्याने जन्मभर नुसता मुक्काम केला होता, तिच्या केसालाही धक्का लावला नव्हता.

"त्यांना सांगाल ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "त्यांनीही अधूनमधून तपासून घ्यायला हवं."

"तपासायला मी आणत जाईन," ती म्हणाली. "बाकीचंही बघते मी."

सासूबाईंनी मात्र जेवण टाकलं होतं. ताटावर बसायच्या, घास चिवडायच्या आणि उठायच्या. मुलाचं पोट वाढताना त्यांना दिसत होतं. एका दुपारी नवरा सांगाड्याला खिळे मारत होता, सून खोळीला चेन लावत होती आणि सासूबाईंनी हातातली खोळ खाली ठेवली.

"ए, मला खरं सांग," त्या सुनेला म्हणाल्या. "थोरल्याचं असंच झालं होतं. असेच डोळे, असंच पोट. दोघांना तेच कसं गं? माझ्या अंगातून तर नाही ना गेलं काही पोरांना?"

हातोडी थांबली. मशीनही थांबलं. सुनेने वर बघितलं. म्हातारीचा चेहरा इतका उघडा तिने कधी पाहिला नव्हता. हो म्हटलं तर ही बाई आज रात्रीपासून दोन्ही पोरांची मारेकरीण म्हणून जगणार, आणि तब्येत ठणठणीत असल्यामुळे पुष्कळ जगणार.

"तुमचा काय संबंध, आई?" ती म्हणाली. "भाऊजींचं दुखणं वेगळं होतं. यांनी बाहेरून आणलंय हे."

"बाहेरून म्हणजे?"

"त्या हॉटेलच्या कामाला गेले होते ना. तिथे एक बाई होती."

हे तिने आधी ठरवलं नव्हतं, नवऱ्याशी बोललीही नव्हती. सासूबाई मुलाकडे वळल्या. मुलगा बायकोकडे बघत होता. क्षणभर तो भांबावला, मग त्याच्या चेहऱ्यावरचा ताण हळूच उतरला.

"खरं आहे का रे हे?"

"हो आई," तो म्हणाला. "चुकलं माझं."

सासूबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, मारतील असं वाटलं, पण त्यांनी हात उचलला नाही.

"लाज नाही वाटली? आणि ही वेडी तुझं औषधपाणी करतेय! माझ्या पोटी असला कसा निपजलास रे तू?"

तो खाली मान घालून उभा राहिला.

संध्याकाळी सासूबाई जेवायला बसल्या. राग अंगात मावत नव्हता, पण त्या भरात ताट स्वच्छ झालं. पुढच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात त्या सुनेला म्हणाल्या, "थोरला माझा गुणाचा होता. त्याला उगाच नावं ठेवली लोकांनी." सुनेने त्यांना आणखी वाढलं. त्यांनी नको म्हटलं नाही.

ती दुसरं ताट वाढून पुढच्या खोलीत आली. नवरा सोफ्याच्या सांगाड्याला टेकून बसला होता.

"आई जेवली?" त्याने विचारलं.

"पोटभर."

"बरं झालं," तो म्हणाला. "माझ्याशी बोलेल का गं ती?"

सासूबाई सख्ख्या बहिणीशी दहा वर्षं बोलल्या नव्हत्या, ते या दोघांइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"बोलतील की," ती म्हणाली. "राग निवळला की बोलतील."

त्याने मान हलवली आणि ताट जवळ ओढलं.