देवरामांचं तळं, मंगलाबाईंचे मासे

"हालला! देवरामभाऊ, हालला!" शेजारचा किशोर ओरडला.

"वारा हाय तो," देवराम म्हणाले. "गप बस."

दोरीवरचं लाल बूच जागच्या जागी डुलत होतं. सकाळपासून त्याचा तोच धंदा चालला होता. म्हसरूळच्या अलीकडच्या या तळ्यात देवरामांनी गळ टाकावा आणि माशांनी ढुंकूनही पाहू नये, असं आजवर कधी झालं नव्हतं. आणि झालं ते नेमकं आजच! नशिबालाही मुहूर्त बरा सापडतो.

आज मागे मत्स्य विभागाच्या तृप्ती मॅडम खुर्ची टाकून बसल्या होत्या. तळ्याभोवती आता इमारती उठल्या होत्या. तिथल्या काही मंडळींना तळं उपसून, तळाला फरशी घालून नाचरं कारंजं हवं होतं. "तळ्यात उरलंय काय? चिलापी आणि चिखल," असं त्यांचं म्हणणं. चिलापी म्हणजे पिलावळीनं पाणी भरून टाकणारी, दुसऱ्यांच्या तोंडचा घास पळवणारी उपरी जात. त्यावर देवरामांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, "रोहू हाय, कटला हाय, चांगला लेकरासारखा उचलून घ्यावा असा. गळाला लावून दाखवतो." मॅडम म्हणाल्या होत्या, "दाखवा. मोठे, निरोगी मासे दिसले तर तळ्याला हात लावू नका, असं मी पालिकेला कळवीन." सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

एसटीची ड्रायव्हरकी संपल्यापासून देवरामांचं सुख या काठावर होतं. मासा ओढायचा, डोळे भरून पाहायचा, अलगद गळ काढून परत पाण्यात सोडायचा. मंगलाबाईंच्या स्वयंपाकघरात मासा शिरायची सोय नव्हतीच. बाईंचा पहिल्यापासून एकच सवाल होता, "मारायचं नाय, खायचं नाय, मग त्या मुक्या जिवाला टोचायचं कशापायी?" त्यावर देवराम गळ उचलून तळ्याकडे निघायचे. मग नवऱ्याचं पाप फेडायचं काम मंगलाबाईंनी स्वतःच अंगावर घेतलं. शेजारच्या झुंबरबाईंना घेऊन त्या रोज सकाळी पलीकडच्या पायऱ्यांवर जायच्या आणि माशांना कणकेच्या चार गोळ्या घालून यायच्या. नवऱ्यानं टोचायचं, बायकोनं भरवायचं, असा तो संसार! आणि झकास चालला होता.

ऊन चढलं. देवरामांनी आमिषाची पेंड बदलली, बडीशेप चोळली, गळाला अत्तरसुद्धा लावलं. अखेर बूच बुडालं आणि वर आली ती बोटभर चिलापी.

बाजूला उभे असलेले कारंजेवाल्यांचे यादवसाहेब गालात हसले. "काका, लेकरू जरा कुपोषित दिसतंय."

देवरामांची कानशिलं तापली. तळं गेलं, असं त्यांना आतून वाटलं.

तेवढ्यात मंगलाबाई डबा घेऊन आल्या. नवऱ्याचं तोंड पाहून चरकल्याच. "काय झालं हो?"

"मासे गेले, मंगल. एक लागंना."

"जातील कुठं? सकाळी तर पायरीवर नुसती झुंबड!" आणि बाई कौतुकानं सांगायला लागल्या, "आज तुमची परीक्षा ना, म्हणून मी आन् झुंबरबाईनं परातभर कणीक घातली. वर गूळ. म्हटलं, तुमाला माशांचा आशीर्वाद लागू दे."

किशोर पोट धरधरून हसायला लागला.

देवरामांनी कपाळावर हात मारला. "अगं बये, परात? जेवून ढेकर देत पडलेत ते! माझ्या गळाला कशाला येतील? लय मोठा घात केलास!"

मंगलाबाईंचा चेहरा पडला. पण ती चांदवडकडची बाई, रडत बसणारी नव्हे. "चला माझ्यासंगं," त्या मॅडमना म्हणाल्या. "मीच दाखवते."

"पोट भरलंय ना त्यांचं?" यादवसाहेबांनी टोकलं.

"साहेब, पंगत उठल्यावर जिलबी आली तर तुम्ही नाय म्हणता का?"

सगळी वरात पलीकडच्या पायऱ्यांवर गेली. मंगलाबाईंनी पाण्यावर तळहात थापटला, डब्यातली देवरामांची भाकरी कुस्करली आणि टाकली. पाणी हललं नाही. मग खोल कुठंतरी एक सावली वळली, तिच्यामागे दुसरी, आणि बघता बघता पायरीखालचं पाणी उसळायला लागलं. लालसर परांचे रोहू, मोठ्या डोक्याचे कटले, एकमेकांच्या पाठीवर चढत आले.

"आई शप्पथ!" यादवसाहेब दोन पायऱ्या खाली उतरले. नवे बूट भिजले तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

मॅडमनी हातजाळ्यात एक रोहू घेतला, कल्ले उघडून पाहिले, खवल्यांवरून बोट फिरवलं. "कल्ले लालभडक. अंगावर कुठं जखम नाही, बुरशी नाही. काका, तुमचं तळं ठणठणीत आहे. कळवते तसं." मग मंगलाबाईंकडे वळून म्हणाल्या, "पण मावशी, परातभर नको हं. त्यानं पाणी नासतं."

"नाय, नाय. ते आज जरा परीक्षेपुरतं."

देवराम हसत होते आणि डोळेही पुसत होते. किशोरनं त्यांना मिठी मारली, आणि यादवसाहेब मोबाइलमध्ये माशांचा व्हिडिओ काढत पायरीवरच बसले.

मंगलाबाईंनी उरलेला भाकरीचा तुकडा नवऱ्याच्या हातावर ठेवला. "घ्या. तुम्ही घाला."

देवराम ओणवे झाले. इतक्या वर्षांत मासा त्यांना कळला होता तो दोरीला बसणाऱ्या हिसक्यानंच. आता एक थोराड रोहू शांतपणे वर आला आणि त्यांच्या बोटांतून तुकडा घेऊन गेला. त्याचं तोंड मऊ होतं. ओठाच्या कडेला गळानं फाटल्याची जुनी खूण होती, भरून आलेली.

देवरामांचा हात पाण्यातच राहिला. "मंगल, यानं मला ओळखलं असंल का गं?"

"ओळखलं असतं तर आला असता का?" मंगलाबाई म्हणाल्या.

देवरामांनी डब्यातली दुसरी भाकरी मोडली.