साथीदार असल्यास

जाळीला डाव्या अंगाला पोचा होता, वाटाण्याएवढा, आणि त्या पोच्यात कुणाची तरी लिपस्टिक अडकून वाळली होती... माईक हातात धरून तो तेवढंच पाहत राहिला. पोच्याचं काही मनावर घेऊ नका, दुकानदार सांगत होता, हा डायनॅमिक आहे, पडला तरी मरत नाही – आणि खात्री पटावी म्हणून त्याने माईक काढून घेतला आणि काउंटरवर आपटला. ताई दचकली. माईक दचकला नाही. आपल्यालाही लहानपणी कुणीतरी असं एकदा आपटून बघायला हवं होतं, त्याला वाटलं. निदान घरच्यांना अंदाज आला असता.

"काय रेकॉर्ड करायचंय?"

"गाणं आणि अ‍ॅकॉर्डियन," ताई म्हणाली. "घरीच. संध्याकाळपर्यंत पाठवायचंय."

"दोन्हीला मिळून एकच माईक?"

"घरच्या रेकॉर्डिंगच्या यंत्राला भोक एकच आहे," तो म्हणाला.

दुकानदार हसला नाही. बरोबर आहे, हसण्यासारखं काय होतं त्यात; यंत्राला एकच भोक होतं आणि ते दोघं होते, यात सगळं आलं. जहाजावरच्या वाद्यवृंदाची जाहिरात ताईनेच त्याला मोठ्याने वाचून दाखवली होती. 'गायिका पाहिजे. साथीदार असल्यास दोघांचं एकत्र रेकॉर्डिंग पाठवावं.' वर्षभर समुद्र, दर आठवड्याला नवं बंदर, राहणं-खाणं जहाजावर. ताई आनंदाने उशीवर बुक्क्या मारत होती आणि तो त्या एका शब्दापाशी अडकून बसला होता... असल्यास. पाऊस आल्यास. ताप चढल्यास. बटण दाबूनही दार न उघडल्यास. इतकी वर्षं मी स्वतःला भाऊ समजत होतो, पोटभाडेकरू समजत होतो, फार झालं तर कलावंत. पण मी असल्यास आहे हे कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. आणि साथ हा शब्द तरी कसला – गाण्याला करतात ती साथ, जन्मभर देतात ती साथ, आणि गावभर पसरते तीही साथच. तिसऱ्या अर्थाने आपण जहाजावर गेलो तर बंदरावरच अडवून ठेवतील. हा विनोद त्याने ताईला सांगितला होता. ती म्हणाली होती, "गप रे, फिटिंग झालेली नसताना तुला कोण अडवतंय." याचा अर्थ त्याला अजून लागलेला नव्हता, तिलाही लागला नसावा.

दुकानदाराने दोन माईक शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही डायनॅमिक. कंडेन्सर माईक तुम्हाला नको, तो म्हणाला, कंडेन्सर घरातलं सगळं ऐकतो, फ्रिज ऐकतो, शेजारच्यांचं भांडण ऐकतो, उद्या साक्षीला उभा राहील. हा पोचेवाला एकतर्फी. समोरचं ऐकतो, जवळचं ऐकतो, पाठीमागच्याला ओळखही देत नाही. आणि हा दुसरा – बातमीदार रस्त्यात नाचवतात ना, तसा – हा चहूकडचं ऐकतो.

"म्हणजे आधी ठरवा, ताई," दुकानदार ताईला म्हणाला, "जवळ कोणाला ठेवायचंय."

तिला सगळं जगच ताई म्हणतं. मी फक्त रांगेत पहिला होतो.

मागच्या बाजूला पडदे लावलेली खोली होती, तिथे वाजवून बघा, दुकानदार म्हणाला. भावाने घरून आणलेलं वाद्य छातीवर बांधलं आणि ते नेहमीसारखे बसले, समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतके. असं कुणी बसत नाही. गाणारी पुढे आणि वाजवणारा मागे, ही जगाची रीत. पण त्यांचं पहिल्यापासून असंच – ताईला त्याचा भाता दिसावा लागतो. तो अ‍ॅकॉर्डियनचा भाता उघडतो, वाद्य श्वास घेतं, आणि त्याच्याबरोबर ती घेते. 'हा भाता उघडतो तेव्हाच मला श्वास येतो,' असं तिने कधीतरी पाहुण्यांपुढे म्हटलं होतं, तो तेव्हा इतका लहान होता की वाद्याच्या वरून फक्त त्याचे डोळे दिसायचे. काही लोक पगारावर जगतात. तो या वाक्यावर जगत आला होता. परीक्षेत नापास झाला तेव्हा हे वाक्य होतं, मैत्रिणीने 'तू चांगला आहेस पण' म्हटलं तेव्हाही होतं. निदान एका माणसाचा श्वास आपल्यामुळे चालतो, ही काही लहान नोकरी नव्हे.

माईक दोघांच्या मधे उभा राहिला, तोंड ताईकडे. म्हणजे पाठ कुणाकडे हे उघडच होतं.

एकदा पोचेवाल्यावर झालं, एकदा बातमीदाराच्या माईकवर. मग हेडफोन. पहिल्यात ताई होती – नुसती नव्हती, कानाच्या आत येऊन बसली होती, तिचा आवाज इतका जवळ की त्याला संकोच वाटला – आणि खूप लांब, दोन इमारती सोडून तिसऱ्या इमारतीत, कुणीतरी अ‍ॅकॉर्डियन वाजवत होतं. बरं वाजवत होतं बिचारं. दुसऱ्यात तो होता, भरपूर होता, बोटांखालच्या बटणांची टकटकसुद्धा होती, पडद्यापलीकडे गिऱ्हाईक खोकलं तेही होतं. फक्त ताई जरा मागे सरकली होती, घरात पाहुणे आले की सरकते तशी.

"यात तू मस्त येतोस," ताई म्हणाली.

"ताईंचा आवाज मात्र पातळ झाला," दुकानदार पडद्यातून डोकं काढून म्हणाला आणि डोकं घेऊन गेला.

"तू सांग रे. तुझे कान माझ्यापेक्षा तिखट."

झालं. आता सगळं त्याच्या जिभेवर आलं. पोचेवाला घेतला तर ती जाणार. हे असं गाणं ऐकल्यावर तिला न घेणारा माणूस बहिराच असेल, आणि बहिऱ्याला वाद्यवृंद कोण चालवायला देईल... आणि दोन इमारतींपलीकडच्या इसमाला सोबत आणा असं कोण लिहील? बातमीदार घेतला तर दोघं जातील, किंवा दोघं राहतील. दोघं राहतील – हा विचार आला आणि त्याला एकदम हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं याचीच त्याला जास्त भीती वाटली. 'चहूकडचा बरा, जिवंत वाटतो,' एवढंच म्हणायचं होतं. वाक्य तयार होतं, इस्त्रीचं होतं. फक्त पोचेवाल्यात एखादी खोट सापडायला हवी, थोडी घरघर, एखादा फुसका 'प'... म्हणजे खोटं बोलल्यासारखं होणार नाही.

"पहिलं परत ऐकतो," तो म्हणाला.

डोळे मिटून खोट शोधायला लागला. घरघर नव्हती. 'प' नीट होता. ओळ संपली, आणि पुढची सुरू होण्याआधी ताईचा श्वास आला, मोठा, अगदी माईकवर – आणि मग, त्याच्यानंतर, लांबवर भाता उघडला.

त्याने मागे घेऊन ऐकलं. श्वास. मग भाता. पुढच्या ओळीला – श्वास. मग भाता. प्रत्येक वेळी, दारातून आधी मोठ्यांनी बाहेर पडावं आणि मागून धाकट्याने धावत यावं, तसं.

"काय झालं?" ताईने त्याचा एक कान उघडा केला. "चेहरा का असा केलायस, करंट लागला?"

"तुझा श्वास आधी येतोय."

"मग?"

"भात्याच्या आधी."

"अरे मग," ती म्हणाली, गॅस बंद केला का विचारावं इतक्या साधेपणाने, "तुला कळायला नको, कधी उघडायचा ते? लहान होतास तेव्हा कुठेही उघडायचास. मग मी जरा जोरात घ्यायला लागले."

"आणि ते पाहुण्यांपुढे..."

"कुठले पाहुणे?"

तिला आठवतही नव्हतं. त्याला पाहुण्यांच्या चपला आठवत होत्या. जगण्यासाठी वापरलेलं वाक्य असं हातातून काढून घेतल्यावर माणसाने निदान पडायला तरी हवं, पण तो खुर्चीवर होता, छातीवर एवढं मोठं वाद्य पट्ट्यांनी बांधलेलं होतं, पडायची सोयच नव्हती. म्हणजे इतकी वर्षं, दर ओळीआधी, ती गरजेपेक्षा मोठा श्वास घेत होती... कार्यक्रमांत, सर्दीत, एकदा तर अंगात ताप असताना... आणि मी समोर बसून मान डोलवत होतो, की चला, दिला हिला श्वास.

"सांग ना, कुठला घ्यायचा? तो माणूस पुन्हा डोकं आत घालेल."

इस्त्रीचं वाक्य अजून जिभेवर होतं. त्याने ते थुंकलं नाही, गिळलंही नाही. त्याने एका खांद्यावरचा पट्टा सोडला, मग दुसरा, अ‍ॅकॉर्डियन जमिनीवर ठेवलं. छातीला गार लागलं.

"ताई, एकदा नुसतं गा. पहिल्यावर."

"आणि तू?"

"मी ऐकतो."

त्याने हेडफोन कानांवर घट्ट दाबले. हात मोकळे होते आणि त्यांचं काय करायचं ते त्याला कळेना. ते मांडीखाली जाऊन बसले. आता ती सुरू करेल. कधी करेल हे आपल्याला कळणार कसं, या विचाराने त्याचा जीव पुन्हा वर आला...

मग तिने श्वास घेतला. तो इतका लहान होता की ऐकताना जवळजवळ निसटलाच.