पाठीवर उरलेले दोन शब्द

मित्रांनो, तुम्ही जिने धडाधड उतरता, त्यामुळे आपली गाठ पडण्याचा प्रसंग कदाचित आला नसेल. मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. मागे दोन मोठी चाके, पुढे दोन लहान, पाय ठेवायला दोन पट्ट्या आणि टेकायला पाठ. एका कारखान्यात लोखंडी नळ्या वाकवून मला घडवले. तिथे माझे लाड कोणी केले नाहीत, पण माझा एकही जोड कच्चा ठेवला नाही. पुढे मला तेच उपयोगी पडले.

मला विकत घेतले एका शिंपीणकाकूंनी. त्यांचे यजमान लांबलेल्या आजारात गेले होते. काकूंनी मला त्यांच्या आठवणीसाठी शेजार मंडळाला दिले.

शेजार मंडळ म्हणजे काही मोठी संस्था नव्हे. तळमजल्यावरची एक खोली, चार खाटा, सहा वॉकर, काही कुबड्या, मी आणि आठ-दहा माणसे. कोणाच्या घरी आजारपण आले, की लागेल ती वस्तू तिथून वापरायला मिळे. वस्तूबरोबर माणूसही जाई. कोणी दवाखान्यात रांग धरी, कोणी मुलांना शाळेतून आणी, कोणी नुसतेच उशाशी बसून राही. निवृत्त झालेल्या एक नर्सबाई हे सारे सांभाळत. वस्तू नेणाऱ्याला त्या सांगत, "पुसून परत आणा म्हणजे झालं. आणि असं मान खाली घालून काय नेताय? आपलंच आहे हे."

मी मंडळात आले त्या दिवशी काकूंनी रंगाऱ्याकडून माझ्या काळ्या रेक्झिनच्या पाठीवर पांढऱ्या अक्षरांत लिहून घेतले. वर यजमानांचे नाव आणि खाली 'यांच्या स्मरणार्थ'. काकू अक्षरांवरून बोट फिरवू लागल्या.

"अहो काकू, ओलं आहे अजून!" रंगारी ओरडला. तोवर त्यांचे बोट पांढरे झाले होते.

मग माझी कामाची वर्षे सुरू झाली. पायाला प्लास्टर घातलेल्या एका मुलीला मी महिनाभर शाळेत नेले. एका आजोबांना नवा पूल पाहायचा होता, त्यांना पुलाच्या मधोमध नेऊन उभे केले. चढ आला, की मला ढकलणारी माणसे पोट टेकवून जोर लावत. त्यांच्या घासण्याने पाठीवरची वरची ओळ फिकट होत गेली. खालची मात्र ठणठणीत राहिली. शेवटी नाव साफ पुसले गेले आणि 'यांच्या स्मरणार्थ' एवढेच उरले. मला माझी पाठ दिसत नाही, माझ्यावर बसणाऱ्यालाही दिसत नाही, आणि मंडळातल्या माणसांना ती इतकी सवयीची झाली होती, की हा घोटाळा कोणाच्या ध्यानातच आला नाही.

आमच्या गल्लीत घड्याळे दुरुस्त करणारे एक काका होते. स्टुलावरून पडून त्यांच्या मांडीचे हाड मोडले आणि ते घरात अडकले. त्यातच त्यांच्या पत्नीला पोटाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात ठेवावे लागले. नऊ दिवस दोघांची भेट नव्हती. फोनवर दोघे "जेवलात का?" "जेवलीस का?" याच्या पुढे जात नसत. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी नर्सबाई मला घेऊन काकांकडे गेल्या. काका नवा सदरा घालून तयारच होते.

आम्ही निम्म्या वाटेवर आलो, तोच इस्त्रीवाला हसत ओरडला, "काका, तब्येत बरी आहे ना? पाठीवर तर तुमच्या स्मरणार्थ लिहिलंय!"

आजूबाजूचे सगळे हसले. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. पण काकांचा चेहरा उतरला.

"वळवा खुर्ची," ते म्हणाले.

"अहो, आला की दवाखाना! मी माझी ओढणी टाकते वरून."

"आणि ती सरकली म्हणजे? बाई, तुम्ही इतकं करताय, मी बोलू नये. पण उद्या तिचं ऑपरेशन आहे. आज हे तिच्या नजरेला पडलं, तर तिच्या मनात काय येईल? वळवा."

नर्सबाईंनी मला वळवले. भेटीची वेळ टळली. मित्रांनो, भरल्या अंगाची माणसे मी पुष्कळ वाहिली, पण त्या दिवशीइतके जड ओझे मला कधी लागले नाही.

संध्याकाळी नर्सबाई मला शिंपीणकाकूंच्या दुकानात घेऊन गेल्या आणि अडखळत त्यांनी सारे सांगितले. काकूंनी मला वळवून पाहिले.

"नाव कधी गेलं?"

"कळलंच नाही हो. चुकलं आमचं. पुन्हा रंगवून घेऊ."

काकूंनी उरलेल्या दोन शब्दांवरून बोट फिरवले. मग डोळे पुसत हसल्या. "ह्यांना जन्मात कुणाच्या पुढेपुढे करणं जमलं नाही. आता लोकांच्या पाठीवर बसतील होय! नको रंगवायला. शेवटचं वर्ष ह्यांनी खिडकीतून रस्ता बघत काढलं. ही खुर्ची रस्त्यावर फिरतेय ना? मग बास."

त्यांनी स्क्रू काढून माझी जुनी पाठ उतरवली आणि जाड निळ्या कापडाची नवी पाठ शिवली. जुने रेक्झिन घडी करून कपाटात ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नर्सबाईंनी ओळखीने भेटीची परवानगी मिळवली. वाटेत काकांनी इस्त्रीवाल्याला हाक मारली, "ये, वाच बघू आता!"

"काहीच नाही काका. कोरी आहे."

"मग नुसते दात काय काढतोस? चढ आहे, ढकल!"

वॉर्डात काकांची पत्नी दाराकडे डोळे लावून पडली होती. आम्हाला पाहताच म्हणाली, "काल वाट बघून डोळे दुखले माझे. आणि म्हणे घड्याळवाले!"

"मागं पडलो गं थोडा," काका म्हणाले. नर्सबाईंनी मला पलंगाला खेटून उभे केले आणि ब्रेक लावला. तिला न्यायला माणसे आली तेव्हा दोघांचे हात एकमेकांत होते, म्हणून ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत तिची स्ट्रेचरची गाडी आणि मी जोडीने चाललो.

ती बरी झाली. तीन आठवड्यांनी माझ्यावर बसून घरी गेली ती तीच. काका वॉकर टेकत शेजारून चालत होते आणि "हळू, खड्डा आहे" असे प्रत्येक खड्ड्याला सांगत होते.

आता माझी एक पट्टी तारेने बांधली आहे. हल्ली काही जण मला चिखलासकट आणून ठेवतात, तेव्हा वाईट वाटते. माझ्यावर लगेच दुसरा कोणीतरी आजारी माणूस बसणार असतो. म्हणून मला पुसा, माझे स्क्रू आवळा. आणखी एक मागणे आहे, मित्रांनो. तुम्ही मोठे व्हाल, कोणाच्या अडचणीत काही द्याल. देताना तुम्हाला वस्तूची पुढची बाजू दिसेल. एकदा घेणाऱ्याच्या मागे जाऊन उभे राहा, आणि त्याच्या पाठीवर आपण काय लिहून ठेवले आहे, तेही वाचा.