साधा खोका

इंदूरला ऑपरेशन झालं आणि आमच्या यांचा लघवीवरचा ताबा गेला. बँकेत ऑफिसर म्हणून मिरवलेला माणूस घराबाहेर पडेना. इथेच फ्रीगंजात यांच्या मित्राकडे, गोपाळकृष्ण भावजींकडे, दर रविवारी ब्रिजचा डाव असायचा, तोही सुटला. मोठ्या माणसांचे डायपर मिळतात, पण मागायचे कुणी? औषधवाला यांच्याच बँकेतला जुना खातेदार. मी जाते म्हटलं, तर म्हणाले, "मंगला, त्यापेक्षा गावभर दवंडी पिट."

पुण्याहून ऋचानं, आमच्या लेकीनं, तोडगा काढला. घरबसल्या ऑनलाइन मागवायचे. खोका अगदी साधा, आत काय आहे ते वर लिहिलेलं नसतं. पहिला खोका आला आणि त्या रविवारी हे इस्त्रीचा शर्ट घालून ब्रिजला गेले, परतले ते शीळ घालत. मला रडूच आलं. हे पुडे येत राहिले तर माझा नवरा माणसांत राहील, एवढंच मला कळत होतं.

दुसरा खोका आला तेव्हा आम्ही सासऱ्यांच्या श्राद्धाला राम घाटावर होतो. आमच्या नानाखेड्याच्या कॉलनीत दाराला कुलूप दिसलं की सामान शेजारच्या अक्कांकडे. कुणी कुणाला विचारत नाही. केवढी ती सोय! नेमकं त्या संध्याकाळी अक्कांकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वाण लुटायला त्यांनीही मुलाकडून ऑनलाइनच डबे मागवले होते आणि ते यायचे होते. हेच आपलं वाण समजून त्यांनी भरल्या बैठकीत खोका फोडला. पत्त्याची चिठ्ठी वाचायचे कष्ट कोण घेतो?

श्राद्धामुळे मी हळदीकुंकवाला गेले नव्हते, घाटावरून येऊन घरीच होते. अक्का खोका चिकटपट्टीनं बंद करून, वर तिळगुळाची पुडी ठेवून घेऊन आल्या.

"मंगला, टेन्शन नको घेऊ गं. मी सगळ्यांना समजावून सांगितलं, भाऊंची मजबूरी आहे म्हणून. इसमें हँसने की क्या बात है? कुणी हसलं नाही, सच्ची."

आतल्या खोलीतला यांचा रेडिओ बंद झाला. तो तिळगूळ गटारात फेकावा असं वाटलं मला. पण अक्कांच्या मनात पाप नव्हतं, भांडणार कशी? त्या बैठकीत गोपाळकृष्ण भावजींची बायको सुमनही होती.

तरी रविवारी हे गेले. मी देवापाशी दिवा लावून बसले. मग दुपारच्या चहाचं आधण ठेवलं, ते उकळायच्या आत फाटक वाजलं.

"डाव झाला नाही?" मी विचारलं.

"सगळे फार चांगले वागले," हे म्हणाले. "गोपाळनं माझ्या खुर्चीवर प्लास्टिक घालून ठेवलं होतं. नीट, कडा दुमडून. वर टॉवेल."

चपला काढायचं भान नव्हतं त्यांना. तसेच भिंतीकडे तोंड करून पडले. पाठीवर हात ठेवायचा धीर मला झाला नाही.

संध्याकाळी ऋचाचा फोन आला. स्पीकरवरून तिचा आवाज घरभर घुमला. "बाबा, पुढचा खोका मागवू ना? माझं एक बटण दाबायचं काम आहे."

"नको," हे म्हणाले. "घरात जुनी धोतरं आहेत. आता बाहेर कुठे जायचंय?"